लेयर सरकलाय? आधी किती आणि कुठे, ते मोजा

पालिकेच्या जीआयएस कक्षात, म्हणजे संगणकावरच्या नकाशांच्या कक्षात, काम करणाऱ्याकडे सगळ्यात जास्त वेळा येणारी तक्रार एकच असते: "साहेब, नकाशा जुळत नाहीये." म्हणजे नकाशाचा एक थर, ज्याला आम्ही लेयर म्हणतो, दुसऱ्या थरावर किंवा उपग्रह चित्रावर नीट बसत नाही. गेली कित्येक वर्षं मी हा एकच बिघाड दुरुस्त करतोय. दर वेळी त्याचं रूप निराळं असतं, पण कारणं ठरलेलीच आहेत, फार तर आठ-नऊ. ती ज्या क्रमाने तपासावीत त्या क्रमाने लिहितो. आधी फुकटात आणि दोन मिनिटांत होणारं, मग वेळखाऊ, शेवटी उन्हात रोव्हर, म्हणजे जीपीएस मोजणीचं फिरतं यंत्र, घेऊन जायचं काम.

लक्षणं

- डीपीचा (विकास आराखड्यातला) रस्ता उपग्रह चित्रावर टाकला की लोकांच्या घरांवरून जाताना दिसतो. सगळे रस्ते एकाच बाजूला, सारख्याच अंतराने सरकलेले असतात.
- नकाशाचा एक कोपरा तंतोतंत जुळतो आणि दुसऱ्या टोकाला पाच-सात मीटरचा फरक पडतो.
- नवी शेपफाइल (नकाशाची संगणकीय फाइल) उघडली तर काहीच दिसत नाही. 'झूम टू लेयर' केलं की समुद्र येतो, नाहीतर कोरा पडदा.
- जागा बरोबर दिसते, पण क्षेत्रफळ मिळकत पत्रिकेपेक्षा दहा-बारा टक्क्यांनी जास्त येतं.
- माझ्या संगणकावर जुळतं, नगररचना विभागात उघडलं की जुळत नाही.
- शेजारच्या दोन गावांचे नकाशे लावले की शिवेवर कुठे फट पडते, कुठे एक गाव दुसऱ्यावर चढतं.

यातलं कुठलंही लक्षण दिसलं की नव्या माणसाचा हात पहिल्यांदा 'मूव्ह फीचर'कडे जातो. लेयर उचलायचा, चित्रावर बसेपर्यंत ओढायचा आणि सेव्ह करायचं. हे करू नका, अगदी अर्जदार टेबलासमोर उभा असला तरी. एकदा हाताने ओढलेल्या लेयरमध्ये मूळ चूक काय होती, ते शोधायची वाट बंद होते. पुढे कोणीतरी खरी चूक दुरुस्त करतो आणि तुम्ही ओढलेलं अंतर नवी चूक होऊन बसतं. तीन-तीन वेळा असा ओढलेला लेयर माझ्या हातात आलाय. कोणत्या दिवशी कोणी किती ओढला याची कुठे नोंद नव्हती. शेवटी कागदावरून सगळं पुन्हा संगणकावर रेखाटावं लागलं, दोन महिने गेले.

सुरुवात: फरक मोजून कागदावर लिहा

मोजपट्टीचं टूल घ्या. शहराच्या मध्यात एक आणि दोन टोकांना दोन अशा तीन जागा निवडा. दोन्ही लेयरमध्ये खात्रीने ओळखू येईल अशी खूण हवी, म्हणजे चौक, पूल किंवा देवळाचा कोपरा. प्रत्येक जागी फरक किती मीटर आणि कोणत्या दिशेला, ते लिहा.

निम्मं निदान इथेच होतं. तिन्ही जागी फरक सारखा आणि एकाच दिशेला असेल तर नकाशा बरोबर काढलेला आहे, फक्त त्याला पत्ता चुकीचा दिला गेलाय. ही चूक बहुतेक वेळा टेबलावर बसून सुटते. तिन्ही जागी फरक वेगवेगळा असेल तर कागद, स्कॅनिंग किंवा जिओरेफरन्सिंगमध्ये (स्कॅन केलेला नकाशा ओळखीचे बिंदू देऊन खऱ्या जागेवर बसवण्यात) गडबड आहे, तिथे मेहनत लागते.

आकडाही बोलतो. हजारो किलोमीटर असेल तर अक्षांश-रेखांशांची अदलाबदल, शेकडो किलोमीटर असेल तर झोन. वीस-चाळीस किलोमीटर म्हणजे अंश-मिनिटांचा घोळ. शंभर ते तीनशे मीटर असेल तर जुनं डेटम, म्हणजे पृथ्वीचा आकार आणि केंद्र धरायची जुनी पद्धत. त्याखालचं सगळं कागद, चित्र किंवा मोजणी यांपैकी एकाचं.

तपासणी १: डॉट पीआरजे आहे का? (दोन मिनिटं, खर्च नाही)

शेपफाइल म्हणतात ती एक फाइल नसते, फाइलींचा जुडगा असतो. डॉट एसएचपीमध्ये आकार, डॉट डीबीएफमध्ये माहितीचा तक्ता, डॉट एसएचएक्समध्ये अनुक्रमणिका. आणि डॉट पीआरजेमध्ये हे आकडे कोणत्या पद्धतीने वाचायचे ते लिहिलेलं असतं, म्हणजेच सीआरएस. घाईत ईमेलला एसएचपी आणि डीबीएफ जोडली जाते, पीआरजे मागेच राहते. मग क्यूजीआयएसमध्ये, म्हणजे आम्ही वापरतो त्या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये, त्या लेयरच्या नावापुढे प्रश्नचिन्ह येतं. ते दिसत असेल तर बाकी काही शोधू नका, आधी पाठवणाऱ्याकडून पूर्ण जुडगा झिप करून मागवा. "माझ्याकडे जुळतं, तुमच्याकडे नाही" या तक्रारीचं उत्तर मला बहुतेक वेळा इथेच मिळालंय.

इथे दोन आज्ञांमधला फरक पक्का लक्षात ठेवा. 'सेट लेयर सीआरएस' किंवा 'असाइन प्रोजेक्शन' आकडे तसेच ठेवतं, फक्त पाटी बदलतं. 'रीप्रोजेक्ट लेयर' आकडे नव्याने काढून नवी फाइल बनवतं. पाटी चुकली असेल तर पहिली आज्ञा. पाटी बरोबर आहे पण तुम्हाला दुसऱ्या पद्धतीत लेयर हवाय, तर दुसरी. आमच्या कक्षात नवीन आलेल्या प्रत्येकाकडून पहिल्या आठवड्यात हाच गोंधळ होतो: ४३२६ (अक्षांश-रेखांशांची पद्धत) मधल्या लेयरला ३२६४३ ची (मीटरमधल्या पद्धतीची) पाटी लावली जाते. हे आकडे म्हणजे सीआरएसचे ईपीएसजी यादीतले क्रमांक. अक्षांश-रेखांशाचे १८ आणि ७३ हे आकडे मग मीटर समजले जातात आणि आख्खं शहर काही सेंटिमीटरांचा ठिपका होऊन विषुववृत्तावर, मालदीवच्या पश्चिमेला समुद्रात जाऊन पडतं.

तपासणी २: अक्षांश-रेखांश नीट भरलेत का? (पाच मिनिटं)

पथदिवे, हातपंप, झाडं यांच्या याद्या एक्सेलमधून येतात तेव्हा हे आधी बघा. पुण्याचा अक्षांश १८.५२ आणि रेखांश ७३.८६. क्यूजीआयएसला एक्सच्या रकान्यात रेखांश आणि वायच्या रकान्यात अक्षांश लागतो, पण आपण तोंडाने "अक्षांश-रेखांश" म्हणतो आणि भरतोही तसंच. उलटं भरलं की पुण्यातला दिवा नॉर्वेच्या उत्तरेला समुद्रात लागतो. हे निदान लगेच दिसतं आणि मिनिटात सुटतं.

फसवा प्रकार वेगळाच आहे. यंत्रावर १८ अंश ३१ मिनिटं १२ सेकंद असं दिसतं आणि भरणारा ते १८.३११२ असं लिहितो. खरं दशांश रूप १८.५२ आहे. ७३ अंश ५१ मिनिटं ३६ सेकंदांचं तसंच ७३.५१३६ होतं, खरं ७३.८६. बिंदू तेवीस किलोमीटर दक्षिणेला आणि छत्तीस-सदतीस किलोमीटर पश्चिमेला जातो, पुणे शहरातून थेट तोरणा-रायगडाकडच्या डोंगरांत. यादीतले सगळेच बिंदू असे भरलेले असतील तर लवकर कळतं. पण दोन कर्मचाऱ्यांनी यादी भरली आणि एकानेच ही चूक केली, तर निम्मे दिवे शहरात राहतात, निम्मे घाटात जातात.

याची एक सोपी खूण आहे. दशांश चिन्हानंतरचे पहिले दोन अंक सगळ्या यादीत कधीच ५९ च्या वर जात नसतील, तर ती मिनिटं आहेत. खऱ्या दशांश रूपात ७३.८६, ७३.९१ असे आकडे येणारच.

तपासणी ३: झोन ४३ की ४४? (पाच मिनिटं)

मीटरमध्ये काम करायला आपण यूटीएम वापरतो. यात पृथ्वीच्या सहा-सहा अंशांच्या पट्ट्या असतात. ७२ ते ७८ अंश पूर्व हा झोन ४३, ईपीएसजी ३२६४३. ७८ ते ८४ हा झोन ४४, ईपीएसजी ३२६४४. ७८ अंशाची रेघ विदर्भातून जाते. मुंबई, पुणे, नाशिक, संभाजीनगर, अकोला, अमरावती शहर ही ४३ मध्ये. नागपूर, वर्धा, चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया ४४ मध्ये. यवतमाळ जिल्ह्याचे तर दोन भाग पडतात: पुसद ४३ मध्ये, यवतमाळ शहर ४४ मध्ये.

प्रत्येक झोनचे आकडे त्याच्या मधल्या रेषेपासून मोजलेले असतात आणि त्या रेषेला पूर्वेचा आकडा ५,००,००० दिलेला असतो. म्हणून तोच आकडा दोन्ही झोनमध्ये येऊ शकतो. नागपूरची फाइल ४३ ची पाटी लावून उघडली तर शहर सरळ सहा अंश पश्चिमेला सरकतं आणि गुजरातेत बारडोलीच्या आसपास पडतं. आकार बरोबर, क्षेत्रफळ बरोबर, जागा सव्वासहाशे किलोमीटर दूर. पश्चिम महाराष्ट्रातल्या सल्लागाराने विदर्भातल्या पालिकेचं काम केलं की हे हमखास घडतं, कारण त्याच्या प्रोजेक्टमध्ये ४३ आधीपासूनच बसलेलं असतं.

तपासणी ४: क्षेत्रफळ कोणत्या सीआरएसमध्ये काढलं? (दहा मिनिटं)

इथे नकाशा जुळतो, म्हणून चूक दिसतच नाही. पण पैशांचा प्रश्न इथेच उभा राहतो, त्यामुळे मी हे फार गांभीर्याने घेतो.

ऑनलाइन उपग्रह चित्र वेब मर्केटर पद्धतीत येतं, ईपीएसजी ३८५७. रिकाम्या प्रोजेक्टमध्ये आधी चित्र टाकलं की प्रोजेक्टही त्याच पद्धतीत जातं, आणि त्यावर रेखाटलेला नवा लेयरही बहुतेक वेळा तसाच सेव्ह होतो. या पद्धतीत विषुववृत्तापासून जितकं दूर जावं तितकं सगळं ताणलं जातं. पुण्याच्या अक्षांशावर लांबी साडेपाच टक्के जास्त येते, क्षेत्रफळ अकरा टक्के. नागपूरला क्षेत्रफळ पंधरा टक्क्यांच्या आसपास वाढतं.

म्हणजे २०० चौरस मीटरचं घर २२२ चौरस मीटर दाखवतं. मालमत्ता कराच्या सर्वेक्षणात हा आकडा तसाच पुढे गेला तर प्रत्येक घराला जादा बिल जाईल आणि कोणाला कारण कळणार नाही.

'फील्ड कॅल्क्युलेटर'मध्ये दोन सूत्रं आहेत. 'डॉलर एरिया' प्रोजेक्टमध्ये लंबगोल (पृथ्वीचा धरलेला आकार) निवडलेला असेल तर पृथ्वीचा गोलावा हिशेबात घेतं. 'एरिया' हे कंसात भूमिती घेणारं सूत्र लेयरच्या सपाट आकड्यांवरच हिशेब करतं. वेब मर्केटर लेयरवर दुसरं चाललं की अकरा टक्के वाढले. उपाय असा: लेयर ३२६४३ मध्ये, विदर्भात ३२६४४ मध्ये, रीप्रोजेक्ट करा आणि मगच क्षेत्रफळ काढा. नंतर ज्यांची मिळकत पत्रिका हाताशी आहे अशा दहा मिळकती घेऊन ताडून बघा. दहाही मिळकतींत सारख्याच टक्क्याने फरक येत असेल तर अजून कुठेतरी हीच चूक लपलेली आहे.

तपासणी ५: चूक चित्राचीच तर नाही? (अर्धा तास)

उपग्रह चित्राला आपण नकळत प्रमाण मानतो. गूगल अर्थ उघडा, जुन्या तारखांची चित्रं एकामागून एक बघा आणि एखाद्या देवळाच्या कळसावर नजर ठेवा. तारीख बदलली की देऊळ चार-पाच मीटर उडी मारतं. देऊळ हललेलं नाही, चित्र वेगळ्या कोनातून घेतलेलं आहे. डोंगरउतारावरच्या वस्तीत हा फरक आणखी वाढतो. म्हणून "लेयर चित्रावर बसत नाही" या तक्रारीत लेयर बरोबर आणि चित्र चूक, हेही शक्य असतं.

उंच इमारतींचं आणखी एक आहे. कॅमेरा तिरका असल्याने छत एका बाजूला झुकलेलं दिसतं. सात मजली इमारतीचं छत पायथ्यापासून सहज दोन-तीन मीटर बाहेर येतं. घराची हद्द रेखाटताना जमिनीला टेकलेला कोपरा धरायचा, छताचा नाही. हे न पाळल्यामुळे आमच्याकडे एका वॉर्डात सगळ्या इमारती रस्त्यात आलेल्या दिसत होत्या आणि अतिक्रमण विभाग नोटिसा काढायच्या बेतात होता. त्याआधी एका रविवारी मी आणि आमचे शिपाई मामा टेप घेऊन सहा इमारती मोजून आलो, तेव्हा कुठे ते थांबलं.

तपासणी ६: कॅडमधून आलेला नकाशा

वास्तुविशारद किंवा सल्लागाराकडून डीडब्ल्यूजी (कॅडमध्ये काढलेल्या नकाशाची फाइल) येते, तेव्हा तीन गोष्टी विचारा: एकक काय, मूळ बिंदू कुठला, उत्तर दिशा कोणती. मिलिमीटरमध्ये काढलेला लेआउट मीटर समजून उघडला तर हजारपट मोठा होतो, फुटांतला तीन पूर्णांक अठ्ठावीस पट. कागदावर नीट बसावा म्हणून लेआउट फिरवलेला असतो, तेव्हा उत्तर दिशा कुठल्या कुठे गेलेली असते. शून्य-शून्य बिंदूवर काढलेल्या चित्राला कुठलीही पाटी लावून उपयोग नाही, त्याला जागेवरचे निदान दोन, शक्यतो चार बिंदू देऊनच बसवावं लागतं. सल्लागाराकडे सर्वेक्षणाची मूळ फाइल असते. ती मागा, स्वतः अंदाजाने बसवत बसू नका.

तपासणी ७: जुनं डेटम

फरक सगळीकडे सारखा आणि शंभर ते तीनशे मीटरच्या दरम्यान असेल तर लेयर एव्हरेस्ट लंबगोलावरचा आहे असं समजा. भारतीय सर्वेक्षण विभागाचे जुने टोपोशीट (स्थलदर्शक नकाशे) या लंबगोलावर आहेत. १८०२ मध्ये मद्रासजवळच्या आधाररेषेपासून विल्यम लॅम्टनने मोजणी सुरू केली आणि पुढे जॉर्ज एव्हरेस्टने नेली, त्या कामासाठी भारताला चांगला बसेल असा पृथ्वीचा आकार धरला होता. हे काम करता करताच लॅम्टन १८२३ मध्ये आपल्या वर्धा जिल्ह्यात हिंगणघाटला वारला. आजचं जीपीएस डब्ल्यूजीएस ८४ वापरतं, त्याचा आकार आणि केंद्र दोन्ही वेगळे. दोन्ही आपापल्या जागी बरोबर आहेत, फक्त एकाचे आकडे दुसऱ्याच्या नावाने वाचायचे नाहीत.

उपाय म्हणजे लेयरला आधी त्याचं खरं सीआरएस द्या, कल्याणपूर या नावाने यादीत मिळतं, आणि मग रीप्रोजेक्ट करा. क्यूजीआयएस रूपांतराचे एकापेक्षा जास्त पर्याय दाखवतं, प्रत्येकापुढे अचूकता लिहिलेली असते. भारतासाठी असलेला पर्याय निवडा. तरीही काही मीटर उरतातच. नदी, तलाव, गावांच्या जागा दाखवायला एवढं पुरतं, मिळकतीच्या हद्दीला पुरत नाही.

तपासणी ८: कागद, स्कॅन आणि जिओरेफरन्सिंग (दिवस ते आठवडे)

फरक जागोजागी वेगळा आला असेल तर तुम्ही इथे येऊन पोचणारच. माझा सगळ्यात जास्त वेळ इथेच गेलाय.

गाव नकाशा म्हणजे काय, ते आधी समजून घ्या. मोजणी साखळीने झालेली. साखळी ३३ फुटांची, तिचे सोळा आणे. साखळी गुणिले साखळी म्हणजे एक गुंठा, चाळीस गुंठ्यांचा एकर. बरेच जुने गाव नकाशे एका इंचाला वीस साखळ्या या प्रमाणात आहेत, म्हणजे १:७९२०. कागदावरचा एक मिलिमीटर जमिनीवर जवळजवळ आठ मीटर होतो. बोरूने ओढलेली अर्ध्या मिलिमीटरची रेघ चार मीटर रुंद असते. त्या रेघेच्या कुठल्या कडेवर हद्द आहे हे नकाशा सांगू शकत नाही, टिपण आणि फाळणी, म्हणजे मोजणीच्या मूळ नोंदी, सांगतात. नगर भूमापनाची शीट १:५०० ची असते, तिथे तीच रेघ पंचवीस सेंटिमीटर. म्हणून दोन्ही नकाशांकडून सारख्या अचूकतेची अपेक्षा करायची नाही.

शंभर वर्षं गुंडाळून ठेवलेला कापडी नकाशा एकसारखा आकसत नाही. घडीच्या रेषेवर तो ताणलेला असतो, कडांना आकसलेला, आणि मधे कुठेतरी पाण्याचा डाग पडून फुगवटा आलेला असतो. हात फिरवला की कळतं. अर्धा टक्का आकसला तरी एका किलोमीटरला पाच मीटर गेले. स्कॅनरचा रोलर नकाशा ओढून घेतो, तेव्हा ज्या दिशेने कागद सरकतो त्या दिशेला लांबी वेगळी येते. म्हणून स्कॅन झाल्यावर नकाशावरची प्रमाणपट्टी किंवा चौकट आडवी आणि उभी दोन्ही मोजा. दोन्हींचं गुणोत्तर मूळ कागदाशी जुळत नसेल तर पुन्हा स्कॅन करा. हे वीस मिनिटांचं काम पुढचा आठवडा वाचवतं.

मग बिंदू. जमिनीवर आजही त्याच जागी असलेली आणि नकाशातही असलेली वस्तू हवी: जुनी विहीर, देऊळ, दर्गा, चावडी, रेल्वेचा पूल, तीन गावांच्या शिवा मिळतात तिथला दगड. शेतातले जुने बांध जिथे एकमेकांना मिळतात ते कोपरेही चांगले. नाल्याचं वळण घेऊ नका, नाला जागा बदलतो. रुंद झालेल्या रस्त्याचा चौकही नको. आणि बिंदू चारी कोपऱ्यांत पसरलेले हवेत. गावठाणात ओळखीच्या खुणा भरपूर मिळतात म्हणून सगळे बिंदू तिथेच घेतले जातात. गावठाण सुरेख जुळतं आणि शिवेजवळची शेतं भरकटतात.

आता सगळ्यात मोठी फसवणूक. नकाशा बसवायच्या गणिताच्या प्रकारांतून 'थिन प्लेट स्प्लाइन' निवडलं की दिलेल्या प्रत्येक बिंदूवर चूक शून्य दिसते. ते गणितच तसं आहे: नकाशा रबरासारखा ताणून प्रत्येक बिंदूवर आणून बसवायचा. चुकीचा बिंदू दिला तरी तिथेही शून्यच, मधला भाग मात्र वाकडा होतो. मी पहिल्यांदा नेहमी पहिल्या घाताचं 'पॉलिनोमियल' घेतो. त्याला तीन बिंदू पुरतात, मी बारा-पंधरा देतो. ज्या बिंदूची चूक बाकीच्यांपेक्षा खूप जास्त दिसते, तो पुन्हा तपासतो. कागद खरंच वाकडा झालाय अशी खात्री पटल्यावरच पुढचा प्रकार वापरतो.

चूक पिक्सेलमध्ये दिसत असेल तर तिचे मीटर करा. १:७९२० चा नकाशा ३०० डीपीआयवर स्कॅन केला तर एक पिक्सेल म्हणजे सुमारे ६७ सेंटिमीटर. "चूक फक्त पाच" म्हणजे सव्वातीन मीटर. आणि चार-पाच बिंदू बाजूला ठेवा, ते जिओरेफरन्सिंगला देऊच नका. शेवटी त्यांच्यावर फरक मोजा. खरी अचूकता तीच, कारण ते बिंदू गणिताने पाहिलेलेच नसतात.

शेजारच्या गावांच्या शिवेवर फट किंवा चढ राहणारच. दोन्ही गावांची मोजणी स्वतंत्र झाली होती. मधोमध रेघ ओढून ती मिटवू नका, दोन्ही रेघा ठेवा आणि तसं लिहून ठेवा.

तपासणी ९: जागेवर जाऊन (यंत्राचं भाडं, माणसं, दिवस)

वरचं सगळं झालं आणि फरक सारखाच, पण दोन-तीन मीटरचा उरला, तर मोजणीचाच संशय घ्या. आरटीके सर्वेक्षणात एक यंत्र स्थिर ठेवतात, दुसरं घेऊन फिरतात. स्थिर यंत्राला स्वतःची जागा अचूक सांगावी लागते. घाईत "आहे तीच जागा धर" असं बटण दाबलं जातं, मग ते यंत्र साध्या जीपीएसचा अंदाज धरून बसतं. रोव्हर त्याच्या मानाने सेंटिमीटरपर्यंत अचूक राहतो, पण आख्खा वॉर्ड दोन मीटर सरकतो. यावर उपाय सोपा आहे: भारतीय सर्वेक्षण विभागाच्या कॉर्स (कायम चालू असलेल्या केंद्रांच्या) जाळ्यावरून त्याच वॉर्डातले पाच पक्के बिंदू पुन्हा घ्या. पडद्यावर 'फिक्स्ड' (जागा पक्की ठरली) आल्याशिवाय नोंद करू नका, 'फ्लोट'वर (जागा अजून पक्की नाही) घेतलेली नोंद कामाची नाही. पाचही बिंदूंवर फरक सारखा आला तर तेवढा फरक गणिताने, लेखी नोंद करून दुरुस्त करता येतो.

अर्धा मीटर वगैरे फरक दोन वेगवेगळ्या वर्षांच्या चांगल्या सर्वेक्षणांत आला तर लगेच कोणाला दोष देऊ नका. भारताचा भूपट्ट वर्षाला साधारण पाच सेंटिमीटर ईशान्येकडे सरकतोय. सर्वेक्षणाचे आकडे कोणत्या वर्षाच्या संदर्भात दिलेत, ते अहवालात बघा.

कुठे थांबायचं

एक प्रसंग सांगतो. एक निवृत्त शिक्षक भाग नकाशाची (विकास आराखड्यातला एका भागाचा नकाशा) प्रत घेऊन आले. आमच्याच कक्षातून चित्रावर छापून दिलेली प्रत होती. १२ मीटरचा डीपी रस्ता त्यांच्या पडवीतून गेलेला, तुळशीवृंदावन रस्त्याच्या मधोमध. त्यांनी बोटाने दाखवलं आणि म्हणाले, "साहेब, हे घर जाणार का, एवढंच सांगा. मुलाला कर्ज काढून वरचा मजला बांधायचाय."

मी म्हणालो, "गुरुजी, बसा. आज नाही सांगता येणार, पण कारण शोधतो."

तीन जागी मोजलं. त्यांच्या बाजूला सहा मीटर पश्चिमेला, मधे दीड मीटर, दुसऱ्या टोकाला चार मीटर पूर्वेला. म्हणजे कागदाचं प्रकरण. शीटचे सगळे बिंदू जुन्या गावात घेतलेले होते आणि स्प्लाइन वापरलेलं. चारी कोपऱ्यांत नवे बिंदू घेतले, पुन्हा बसवलं. रस्ता घरापासून सरकून कुंपणाच्या भिंतीपाशी आला. पण ती शीट १:५००० ची होती, अर्ध्या मिलिमीटरची रेघ अडीच मीटरची. भिंत रस्त्यात आहे की बाहेर, हे माझा नकाशा सांगू शकत नव्हता, आणि तिथे मी थांबलो.

अशा जागी थांबायलाच हवं:

हद्दीचा वाद असेल, किंवा भिंत, कुंपण, बांध यावर निर्णय होणार असेल. जमिनीची हद्द ठरवणं हे भूमि अभिलेखचं काम. अर्जदाराला ई-मोजणीवर अर्ज करायला सांगा, उप अधीक्षक कार्यालयाचा भूकरमापक येऊन मोजेल. तुमच्या पडद्यावरची रेघ 'क' प्रतीची, म्हणजे भूमि अभिलेखने दिलेल्या मोजणी नकाशाची, जागा घेऊ शकत नाही.

आरक्षण किंवा डीपी रस्त्याची रेघच हलवावी लागते असं वाटत असेल. सही-शिक्क्याचा मंजूर नकाशा हाच मूळ. तुम्ही तुमची प्रत त्याच्यावर नीट बसवू शकता, मूळ रेघ बदलू शकत नाही. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६ मध्ये फेरबदलाची पद्धत कलम ३७ मध्ये दिलेली आहे, ती नगररचनाकारांची वाट आहे. फाइल त्यांच्याकडे द्या.

बाजूला ठेवलेल्या बिंदूंवरचा फरक दोन-तीन प्रयत्नांनंतरही कमी होत नसेल. मग तो कागद कार्यालयातल्या स्कॅनवरून सुटणार नाही. मूळ टिपणांवरून नव्याने आखणी करणारा भूमापक लागेल.

न्यायालयात चालू प्रकरण असेल. तिथे लेयरला हातही लावू नका. आहे तशी फाइल, तारखेसह, वेगळी ठेवा आणि विधी विभागाला कळवा.

पुढे पाठवताना नुसतं "जुळत नाही" असं लिहू नका. कोणत्या तीन जागी किती मीटर आणि कोणत्या दिशेला फरक, कोणतं सीआरएस, मूळ कागदाचं प्रमाण काय, कोणत्या तपासण्या झाल्या, एवढं एका पानात द्या. समोरच्या माणसाचे चार दिवस वाचतात.

गुरुजींनी मोजणीचा अर्ज केला. दीड-दोन महिन्यांनी भूमि अभिलेख आणि नगररचना यांची संयुक्त आखणी झाली, मीही गेलो होतो. भूकरमापकाने दगड बसवला तेव्हा कुंपणाची भिंत पश्चिमेच्या कोपऱ्यात चाळीस सेंटिमीटर रस्त्यात निघाली. पडवी, घर आणि वृंदावन तिन्ही बाहेर. त्या दिवशी संध्याकाळी मी शीटच्या माहितीत तारीख, नवे बिंदू आणि "हद्दीसाठी वापरू नये, अचूकता ± २.५ मीटर" असं लिहिलं. ती ओळ आता त्या वॉर्डच्या प्रत्येक छापील भाग नकाशावर खाली येते.